शेवंडीला नांग्याच नसतात, संपादक महाशय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला समुद्रातल्या आवाजांवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. विषय निवडल्याबद्दल आधी अभिनंदन. आमच्याकडच्या या जिवांना कालवणाच्या बाहेर जागा मिळते कुठे! पण खेकडे, शेवंडी आणि कोळंब्या 'आपले पंजे एकमेकांवर आपटून' आवाज काढतात, हे छापताना आपल्या कचेरीत एकालाही शंका येऊ नये? पंजा वाघाला असतो. खेकड्याला डेंगे असतात, शुद्ध भाषेचा आग्रह असेल तर नांग्या म्हणा. आणि शेवंडीला, म्हणजे आपल्याकडच्या लॉब्स्टरला, तर नांग्याच नसतात हो! तिनं बिचारीनं आपटायचं काय?

शेवंड मिश्यांनी बोलते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. वडील जाळ्यातून शेवंड सोडवायचे, पाठीकडून धरायचे, की तिची लांबलचक मिशी मागे-पुढे व्हायची आणि कर्रर्र, कर्रर्र सुरू. तेल न घातलेल्या बिजागरीसारखं. पहिल्यांदा मी घाबरून टोपलीच सोडली होती.

१९६९ साली, सहावीत, आमच्या गुरुजींनी सांगितलं की पाण्यातले प्राणी मुके असतात. मी हात वर करून म्हटलं, "गुरुजी, शेवंड कुरकुरते." गुरुजी म्हणाले, "रश्शात पडल्यावर की आधी?" वर्ग फुटला. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव शेवंड. दुसऱ्या दिवशी हट्टानं एक जिवंत शेवंड ओल्या गोणपाटात गुंडाळून, रॉकेलच्या धुतलेल्या डब्यातून शाळेत नेली. प्रार्थना झाली, हजेरी झाली, शुद्धलेखन झालं. विज्ञानाचा तास आला तोवर ती गार पडली होती. मिशी मी स्वतः हलवून पाहिली, आवाज नाही. गुरुजींनी पुरावा जप्त केला आणि मधल्या सुट्टीत घरी पाठवून दिला. चांगली अर्ध्या किलोवर होती.

पुढे मी स्वतः विज्ञानाचा मास्तर झालो. अमेरिकेतल्या जीवशास्त्रज्ञ शीला पाटेक यांनी २००१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात या कुरकुरीचा उलगडा केला, तो मात्र माझ्या हाती पडला निवृत्तीच्या सुमारास. मिशीच्या बुडाशी मऊसर भाग असतो, तो डोळ्याखालच्या पट्टीवरून घासत सरकतो. पण सरळ नाही, अडखळत, व्हायोलिनच्या तारेवरून गज जातो तसा. कडक भागावर कडक भाग घासण्याची भानगडच नाही. म्हणून कवच टाकून मऊ पडलेली शेवंडसुद्धा कुरकुरू शकते, आणि शत्रूला दचकवण्याची गरज तिला तेव्हाच सगळ्यात जास्त असते. एवढं सुंदर काम, आणि आपण त्यावर 'पंजे' फिरवलेत.

आता कोळंबीचं. खायची कोळंबी नव्हे. एक नांगी भलतीच मोठी असते ती, टिचकी मारणारी. तिच्या बाबतीत तरी लेखक जवळपास पोचले होते. पण तिचाही आवाज नांगी आपटल्याचा नाही. नांगी झटक्यात मिटते, पाण्याची चिळकांडी उडते, चिळकांडीमागे बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा कोसळतो त्याचा तो आवाज. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सेकंदाला ४०,००० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यानं हे २००० साली दाखवलं. नांगी मिटते तेव्हा शांतता, बुडबुडा बसतो तेव्हा टिचकी. लहानपणी सुवर्णदुर्गाच्या आडोशाला होडी नांगरून रात्री फळीला कान लावला, की खालून लाह्या फुटल्यासारखी तडतड यायची. वडील म्हणायचे, लाकूड बोलतंय. ती तडतड दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या अमेरिकनांनाही छळत होती, हे कळल्यावर मला अंमळ अभिमानच वाटला.

आणि त्या टिचकीबद्दलचं ते '२१८ डेसिबल, जेट विमानापेक्षा मोठा'! अहो, कशाच्या तुलनेत? डेसिबल ज्या दाबाच्या तुलनेत मोजतात, तो हवेत २० मायक्रोपास्कल, पाण्यात १. शिवाय पाणी वेगळं, हवा वेगळी. सरळ तुलना करायची तर साधारण ६२ वजा करावे लागतात. वर तो आकडा कोळंबीपासून ४ सेंटीमीटरवरचा, तोही मिलिसेकंदाहून कमी वेळाचा. भाजीवाली 'पन्नास' म्हणाली तर आपण पाव की किलो ते विचारतो ना? आवाज नवलाचाच आहे, त्याला जेटचं इंजिन जोडायची गरज नव्हती.

खेकड्यांबद्दल तर एकच ओळ, तीही चुकीची. पुळणीवर संध्याकाळी बिळातून डोळे वर काढणारे ते पांढुरके खेकडे आठवा. त्यांच्या अमेरिकेतल्या चुलतभावाला पोटात दात असतात. डेंगे उगारून उभा असताना तो पोटातले दात घासून गुरगुरतो, हे २०१९ साली सिद्ध झालं. हात अडकलेले, म्हणून पोटातून शिव्या. याहून चांगला मथळा आपल्याला फुकट मिळत होता.

छायाचित्राखाली 'खेकडा' छापलाय, ती शेवंड आहे. माझ्या नातवानंही ओळखली, तो पुण्यात राहतो.

कृपया शुद्धिपत्र छापावे. आतल्या पानावर, निविदांच्या खाली, नेहमीच्या जागी नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, हर्णै

ता. क. भरती-ओहोटीचा तक्ता आपण गणपतीपासून बंद केला आहे. राशिभविष्य मात्र रोज. होडी पाण्यात घालताना मेष-वृषभ बघून चालत नाही. राशिभविष्याच्या खाली दोन बोटं जागा मोकळी असते, पट्टीनं मोजली आहे. तेवढ्यात तक्ता बसतो.