नऊ आठवडे आणि सरांची कादंबरी

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही. शिव्या दे, पण आधी वाच. तब्येत ठीक, गोळी चालू आहे.

सरांच्या कादंबरीवरच्या सिनेमाचा दिग्दर्शक बदलला. शूटिंगला नऊ आठवडे असताना! दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, 'मग काय, दुसरा येईल.' म्हणून तुला लिहितोय.

दुसरा येतो याबद्दल तक्रार नाहीच माझी. शार्कवरच्या 'जॉज' सिनेमाचा पहिला दिग्दर्शक डिक रिचर्ड्स बैठकीत शार्कला सारखा 'व्हेल' म्हणायचा. निर्मात्यांनी त्याला घरी पाठवलं आणि स्पीलबर्गला घेतलं. (तू सरांच्या नायिकेचं नाव अजून चुकवतोस, तेव्हा हसू नकोस.) आणि 'गाईड'! चेतन आनंद 'हकीकत'कडे गेले, राज खोसलांचं नाव आलं, तर त्यांचं वहिदा रेहमानशी जमेना, मग विजय आनंद. मूळ कादंबरीत आर. के. नारायणांनी शेवट मोकळा सोडला होता, सिनेमात मात्र पाऊस पडतोच, यावर तू माझ्याशी तीन आठवडे बोलला नव्हतास. मी अजूनही विजय आनंदांच्याच बाजूनं आहे. त्यांनी हिंदी पटकथा नव्यानं लिहिली, दुसऱ्याची अर्धी शिजलेली पुढे ढकलली नाही.

माझं घोडं अडलंय ते इथंच. 'हॉबिट' सिनेमांचं बघ. पहिला दिग्दर्शक देल तोरो मे 2010 मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी पीटर जॅक्सनचं नाव ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं आणि मार्च 2011 मध्ये कॅमेरा सुरू. तयारी पुरी न करताच सेटवर जात होतो, असं पुढे त्यानंच कबूल केलं. शेवटची मोठी लढाई तर थांबवून 2013 मध्ये घ्यावी लागली. त्याच जगातले तीन सिनेमे ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज') आधी केलेल्या माणसाला पाच महिने पुरले नाहीत. इथं नऊ आठवडे, आणि तारीख हलणार नाही, कारण नटाच्या तारखा गेल्या की त्या वर्षभर मिळत नाहीत.

नऊ आठवड्यांत होतं काय, तर लोकेशन ठरलेली, सेट अर्धा उभा. पहिल्याला एकाच बाजूनं शॉट घ्यायचे होते म्हणून खोलीला तीनच भिंती. नव्याला कॅमेरा गोल फिरवायचाय, म्हणजे चौथी भिंत बांधा, प्रकाशयोजना पुन्हा मांडा. त्यात पाच-सहा दिवस गेले की पटकथेला हात लावायला वेळच उरत नाही. मग 'जरा पॉलिश करू' म्हणतात, आणि पॉलिशमध्ये पहिला बळी हळू चालणाऱ्या प्रकरणाचा. आपलं अकरावं! पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. त्या प्रकरणात कुणी बोलतच नाही, तेव्हा कागदावर ते दीड पान दिसतं आणि पडद्यावर सात मिनिटं खातं.

सरांनी सही केली ती पहिल्या दिग्दर्शकाकडे बघून. पण हक्क निर्मात्याकडे असतात. दिग्दर्शक गेला म्हणून कादंबरी आपोआप परत येत नाही, त्याचं नाव करारात अट म्हणून लिहिलेलं असेल तरच काही बोलता येईल. ऑप्शनची, म्हणजे निर्मात्यानं कादंबरी ठरावीक काळ राखून ठेवल्याची, मुदत कधी संपते, मुदतवाढीचे पैसे दिले का, आणि 'शूटिंग सुरू' कशाला म्हणायचं तेही बघ. एक दिवस झाडाचे शॉट घेऊन मुदत टिकवणारे असतात. आणि पटकथा पहिल्यानंच लिहिली होती ना? त्यानं हक्क लेखी दिले नसतील, तर नव्याला त्यातली एक ओळही वापरता येणार नाही. त्या परिस्थितीत सिनेमा लांबेल. देव करो आणि लांबो.

नव्याला भेटलास तर एवढंच विचार: कुठलं प्रकरण कापणार? 'अजून कादंबरी वाचायचीय' म्हणाला, तर मला रात्री कितीही वाजता फोन कर.

धाकटीचं अ‍ॅडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार. दुकानाचं काय ते पुढच्या पत्रात लिही.

सरांना यातलं काही बोलू नकोस. कराराची प्रत तुझ्याकडेच आहे, मुदतीच्या पानाचा फोटो पाठव, आजच.

तुझा,
बाळ्या