रोबोटच्या पोटाखालची जागा दाखवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं, पण सगळ्यांसमोर लिहावंसं वाटलं. स्पर्धेसाठी रोबोट बनवणाऱ्या मुलांना कोड शिकवणारे भेटतात, मोटर निवडून देणारेही भेटतात. रोबोटच्या पोटाखाली किती जागा हवी आणि चाकं एकमेकांपासून किती लांब हवीत, एवढ्यासाठी आमच्याबरोबर जमिनीवर बसून राहणारी मात्र तूच. संघातल्या प्रत्येकाकडून तुझे मनापासून आभार.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, किती ठेवायचा, असं आम्ही तुला विचारलं होतं. तू आकडा सांगितला नाहीस. "मैदानावर काय काय आहे?" एवढंच विचारलंस आणि नियमावलीतलं मैदानाचं पान उघडायला लावलंस. त्या एका प्रश्नाने आमची कामाची पद्धतच बदलली, म्हणून सगळ्यात आधी आभार त्याचे.

मैदानावरचा आडवा पाइप आणि चढ या दोन वेगळ्या अडचणी आहेत, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पाइप ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरली की तो थेट पोटाखाली येतो. पोट त्याच्यापेक्षा उंच नसेल, तर रोबोट त्यावर टेकतो, चाकांवरचं वजन जातं आणि ती जागच्या जागी फिरत राहतात. चढाच्या माथ्यावर मात्र व्हीलबेसही हिशेबात येतो, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. तू वहीत काढून दाखवलेला त्रिकोण अजून तसाच आहे. व्हीलबेस ४०० मि.मी. आणि चढ १५ अंशांचा असेल, तर माथा पोटाला लागू नये म्हणून मधोमध सुमारे २६ मि.मी. जागा हवी. आमच्या आराखड्यात २० होती. तेवढ्या जागेत जायचं तर व्हीलबेस ३०० च्या आसपास आणावा लागणार होता. पोट उचला नाहीतर चाकं जवळ आणा. तोवर हे दोन आकडे आम्ही दोन वेगळ्या कागदांवर ठरवत होतो.

चाकाच्या व्यासाचंही तू असंच करून दाखवलंस. १०० मि.मी. व्यासाचं, मोटर नसलेलं चाक २० मि.मी. उंच कडेवर नुसतं ढकलून चढवायचं, तर त्यावरच्या वजनाच्या सुमारे १.३ पट जोर लागतो. व्यास १५० केला की तोच जोर ०.९ पटीवर येतो. २०१६ च्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचा 'स्ट्राँगहोल्ड' हा अडथळे ओलांडायचा खेळ तू आम्हाला दाखवलास, तेव्हा इतक्या संघांनी हवेचे मोठे टायर का लावले होते हे सांगावं लागलं नाही. त्याच मैदानावर १६ इंच उंचीच्या आडव्या दांडीखालूनही जायची सोय होती. खालून उंच आणि वरून बुटका, अशी ती ओढाताण! त्याच स्पर्धेच्या २०२४ च्या 'क्रेसेंडो' या खेळात तर खेळायच्या वस्तूच अडथळा ठरत होत्या. १४ इंच व्यासाची, २ इंच जाड फोमची कडी जमिनीवर पडलेली, आणि पोटाखाली एखादं गेलं की रोबोट त्यावर चढून बसे. मैदानाच्या पानाबरोबर खेळाच्या वस्तूंचं पानही उघडायचं, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आता एका पट्टीविषयी. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यात, क्लिअरन्स बरोबर होता, फाइल तू पाहिलीसही. मग बॅटरी बसवायला सांगितलीस, रोबोटचा वरचा हात बसवायला सांगितलास, रोबोट टेबलावरून उचलून मैदानाच्या फोमच्या मॅटवर ठेवायला लावलास आणि स्वतः पालथी पडलीस. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात ठरलेल्या जाडीची प्लायची पट्टी. पट्टी पुढून सहज आत गेली, गिअरबॉक्सपाशी अडली. बेली पॅनच्या, म्हणजे रोबोटच्या तळाच्या, खाली आलेलं एका बोल्टचं डोकं आणि त्याच्या शेजारी केबल टायचं कापलेलं टोक. शिवाय मॅटही चाकांखाली थोडी दबलेली होती. क्लिअरन्स म्हणजे सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूची उंची, आणि ती पूर्ण वजनानिशी, खऱ्या मैदानावरच मोजायची. ती पट्टी आता आमच्या टूलबॉक्समध्ये असते. प्रत्येक सामन्याआधी ती पोटाखालून फिरते आणि खाली डोकावणारे बोल्ट सपाट डोक्याचे असतात.

पण सगळ्यात मोठं देणं आहे ते मधल्या चाकाचं. चारही चाकं चांगली पकड घेणारी, डाव्या-उजव्या चाकांमध्ये ३०० मि.मी. आणि पुढच्या-मागच्यांमध्ये ४००. असा रोबोट जागच्या जागी वळेल का, हे तू आम्हालाच मांडायला लावलंस. वळवणारा जोर रुंदीतून येतो आणि आडवं घासण्याचा विरोध लांबीतून. लांबी जास्त असली की मोटर गुरगुरतात, रोबोट उड्या मारतो, वळत नाही. लांबी कमी करावी, तर तोल घालवणारा, वर उचललेला हात होताच. गुरुत्वमध्य २५० मि.मी. उंचीवर आणि व्हीलबेस ३०० धरला, तर ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) एवढ्या ब्रेकलाच मागची चाकं उचलली जातात. पकड घेणारी चाकं त्याहून जोरात थांबवू शकतात. कोपऱ्यांवर बाजूनेही सरकणारी ओम्नी चाकं लावणं हा एक मार्ग होता, तोही तू सांगितलास, पण बाजूने कोणी ढकललं तर काय, हेही लगेच विचारलंस.

मग सहा चाकं, आणि मधली जोडी ३ मि.मी. खाली. रोबोट मधल्या चाकांवर आणि एका टोकावर उभा राहतो, म्हणून वळताना जमिनीवर निम्मीच लांबी असते. ब्रेक लागला की तो पुढच्या चाकांवर झुकतो आणि पूर्ण लांबीचा आधार मिळतो. चढाच्या माथ्यावर पोट टेकण्याआधी मधलं चाकच टेकतं. व्हीलबेस ४०० चा ४०० राहिला. हे कळलं तेव्हा वर्कशॉपमध्ये आम्ही अक्षरशः ओरडलो होतो! अशा रचनेत पुढची चाकं ६ मि.मी. पर्यंत वर उचललेली असू शकतात, म्हणून वस्तू आत ओढणाऱ्या तोंडाची उंची दोन्ही झुकावांत तपासा, ही तुझी सूचना चॅसी, म्हणजे चाकांसह खालचा सांगाडा, सांभाळणाऱ्या नव्या मुलांना मी आधी सांगतो.

आणि या सगळ्यात तू एकदाही आमच्या हातातला पाना घेतला नाहीस. तुला उत्तर माहीत असायचं, ते चेहऱ्यावर दिसायचं, तरी आमची आकडेमोड संपेपर्यंत थांबायचीस. परीक्षकांनी मधल्या चाकाबद्दल विचारलं, तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने न अडखळता सगळं सांगितलं. तू तिथे नव्हतीस, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो आहे.

पुढच्या खेळाची नियमावली आली की मैदानाचं आणि वस्तूंचं पान वाचून, त्रिकोण काढून, मग तुला फोन करणार आहोत. नवी मुलं आहेत, त्यांना तुला भेटायचं आहे. सवड काढून नक्की ये.

तुझा,
संघात चॅसी सांभाळणारा