मधला रकाना

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

"चाळीस दिवस दारू सोडली होती आणि परवा परत घेतली, आता माझ्यात काही उरलं नाही." तुझं हे वाक्य मी तीनदा वाचलं. आठ वर्षं मीही स्वतःला हेच ऐकवत होतो.

गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, पण हवी त्याला मिळते. मलाही मिळायची. देवघरापुढे घेतलेल्या शपथाही टिकल्या नाहीत.

समुपदेशक बाईंनी वहीत तीन रकाने आखून दिले: काय घडलं, मनात काय म्हणालो, मग काय केलं. मी लिहिलं, साहेब चारचौघांत बोलले आणि रात्री प्यायलो. बाई म्हणाल्या, "मधला रकाना कोरा आहे." दोन दिवसांनी सापडलं: 'असा अपमान मला सोसवणार नाही, मला आत्ताच्या आत्ता बरं वाटलंच पाहिजे.' बाटली उघडण्याआधी हे वाक्य मनात येऊन गेलेलं असायचं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती ती हीच. घटना तशीच राहते; तिच्याबद्दलचा आपला हट्टी समज तपासायचा.

मग एका संध्याकाळी तल्लफ आली तेव्हा सूरसागरच्या काठावर जाऊन बसलो. तळहात घामेजले, घसा कोरडा पडला. 'सोसवत नाही' असं मन ओरडत होतं आणि घड्याळात बारा मिनिटं झाली होती. बारा मिनिटं मी सोसतच होतो की! पंचविसाव्या मिनिटाला जोर ओसरला. सुध्या, मला रडू आलं रे.

त्यानंतरही मी एकदा घसरलो. बाई रागावल्या नाहीत. "तुम्ही प्यायलात, ही चूक. तुम्ही नालायक, हे कुठून आणलंत?" म्हणाल्या. त्या 'नालायक'पायीच दुसरा पेला भरला जातो, हे मला तेव्हा उमगलं. तुझे चाळीस दिवस एका रात्रीनं पुसले गेलेले नाहीत.

एक मात्र ऐक. परवापासून रोज घेत असशील, तर घरच्या घरी एकदम तोडू नकोस, आधी डॉक्टरांकडे जा. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तिथं वही उपयोगाची नाही.

परवाचं पान लिहून मला पाठव, मधला रकाना आधी भर. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विन्या