स्कूटी विकली, पण आबा, आधी पूर्ण वाचा

जळगाव

ती. आई आणि आबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आबा नुसतं "बरं" म्हणतात आणि मग दोन दिवस जेवणात लक्ष नसतं, म्हणून लिहितेय. स्कूटी विकली. आबा, त्या वर्षीचा कापूस विकून तुम्ही ती घेऊन दिली होती, हे मी विसरलेले नाही. घेणारा ती घेऊन निघाला तेव्हा मी आत जाऊन बसले. महिना झाला, कामावर सायकलने जाते.

कारण असं की तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. साडेसहापासून पुढे डायबेटिस म्हणतात, ही त्याच्या अलीकडची पायरी आहे, गोळी नाही. डॉक्टर म्हणाले, रोज अंग हललं पाहिजे. सकाळी फिरायला गेले तर डबा कोण करणार? महाबळपासून एमआयडीसी सहा किलोमीटरच्या आत आहे, व्यायाम वाटेतच उरकतो. पेट्रोल वाचतं हे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर आबांना वाटेल पगार पुरत नाही. पुरतो.

बोरी नदीच्या पुलावर अंधारात जे झालं ते मी विसरलेले नाही, आई. म्हणून सायकलच्या आधी दिवे घेतले. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही चार्जिंगचे. आबांच्या डायनॅमोसारखं चाक थांबलं की उजेड गेला, असं नाही. अजिंठा चौफुलीवर उभी असले तरी मागचा लाल लुकलुकत असतो. सध्या सूर्य पावणेसहालाच बुडतो आणि मी सुटते साडेसहाला, त्यामुळे अंगात जाकीटही असतं. दुकानदार म्हणे, पिवळं घ्या, पुरे. पण तो भडक पिवळा दिवसा लांबून दिसतो, अंधारात काही कामाचा नाही. अंधारात चंदेरी पट्टी लागते, ती गाडीचा उजेड गाडीकडेच परत पाठवते. पेडललाही तसलेच तुकडे आहेत. ते वर-खाली होतात, म्हणून ड्रायव्हरला कळतं की पुढे कुणीतरी पाय मारतंय.

हेल्मेट मोटारसायकलचं नाही घेतलं, आपल्या मे महिन्यात डोकं शिजलं असतं. सायकलचं वेगळं येतं, हवेला भोकं असलेलं, आत थर्माकोलसारखा कडक फोम. पडलं तर तो फोम दबतो आणि मार स्वतःवर घेतो. म्हणून एकदा जोरात आपटलं की बाहेरून कितीही धड दिसो, बदलायचं. चार घालून पाहिली. तीन कपाळ उघडं टाकत होती. भुवईवर दोन बोटं आणि हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट, एवढीच जागा हवी. आत ईएन १०७८ छापलेलं पाहूनच घेतलं. एकोणीसशे रुपये. हो आबा, तेवढ्यात तुमच्या काळी अख्खी सायकल आली असती, आणि वर पंप.

उजव्या मुठीला आरसा आहे. चेन पूर्ण झाकलेली, ओढणी घरीच. हायवे शक्य तेवढा टाळते, मेहरूणच्या आतून जाते. केळीचा ट्रक वळत असला तर त्याच्या डाव्या बगलेत शिरत नाही, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. मागेच थांबते, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. आणि आई, डबा कॅरियरच्या पिशवीत असतो, वरण सांडत नाही. ऑफिसात बादलीभर पाणी मिळतं, कुर्ता बदलते, घामट बसत नाही.

आबा, दांडीवर टॉवेल गुंडाळून तुम्ही मला मंगळग्रहाच्या मंदिरात न्यायचात. उतरताना माझे पाय मुंग्यांनी भरलेले, आणि तुम्ही ते चोळत बसायचात, दर्शनाची रांग पुढे गेली तरी. कॅरियरवर बसले त्या दिवशीची टाचेवरची खूण अजून आहे. दुसऱ्या दिवशीच तुम्ही चाकाला जाळी बसवून आणलीत, तरी आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. आता घरातून निघताना "जपीसन जाय" मीच मला म्हणते.

आता ऐका. दादाबरोबर एक लाल दिवा आणि एक जाकीट पाठवतेय. पहाटे शेतात जाता तेव्हा दोन्ही लागलेच पाहिजेत. चाऱ्याचा भारा बांधला की कॅरियरवरचा दिवा झाकला जातो, म्हणून तो खाली मडगार्डलाच बसवून घ्या. चांगली वस्तू म्हणून कपाटात ठेवायची नाही. ब्रेकचे रबर गुळगुळीत झालेत, मी दिवाळीला पाहिलेत, ते बदला. आई, साखरेमुळे तळपायाला जखम तर नाही ना, हे तू रात्री बघतेस की नुसतं हो म्हणतेस? आणि कळण्याचं पीठ पाठवू नकोस, मीच रविवारी पॅसेंजरने येते. सायकल आणत नाही, घाबरू नका.

तुमची
बेबी

ता. क. सायकल आणि सामान जाऊन स्कूटीचे जे उरले ते वेगळे ठेवलेत. आबा, तुमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी. डॉक्टरांची तारीख घेतली आहे. कापूस वेचून झाल्यावरचीच घेतली, तेव्हा तेही कारण सांगू नका.