कॅमेऱ्यांना पैसे आहेत, मोजायला का नाहीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मंगळवार पेठेत राहतो आणि गेली वीस-बावीस वर्षं लग्नाचं शूटिंग करतो. कॅमेऱ्यावरच पोट आहे, त्यामुळं पोलिसांच्या छातीवर कॅमेरा लावायचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. परवा रंकाळ्यावर आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये हाच विषय निघाला. एकजण म्हणाला, लावा सगळ्यांना, चिरीमिरी तरी बंद होईल. दुसऱ्याचा पोरगा भरतीची तयारी करतोय, तो म्हणाला, पोलिसांचाच फायदा आहे बघा, उद्या कुणी अंगावर धावून आलं तर पुरावा राहतोय. दोघंही लय ठामपणे बोलत होते आणि दोघांकडं एक आकडा नव्हता, माझ्याकडं तर नव्हताच. मग घरी येऊन चार रात्री मोबाईलवर वाचत बसलो, त्यातनं हे पत्र झालंय.

सगळ्यात गाजलेला प्रयोग कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो नावाच्या गावचा. गाव साधारण लाखभर वस्तीचं, म्हणजे आपल्यापेक्षा लहानच. २०१२ साली तिथल्या पोलीसप्रमुखानं केंब्रिज विद्यापीठाच्या माणसांना बरोबर घेऊन ५४ पोलिसांवर वर्षभर हा प्रयोग केला. मला आवडलं ते असं की कॅमेरे कुणाला द्यायचे हे साहेबांनी ठरवलं नाही. एकूण ९८८ शिफ्टा होत्या, त्यातल्या कुठल्या कॅमेऱ्याच्या आणि कुठल्या बिनकॅमेऱ्याच्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. वर्षाच्या शेवटी मोजलं तर बिनकॅमेऱ्याच्या शिफ्टांत बळ वापरल्याचे १७ प्रसंग आणि कॅमेऱ्याच्या शिफ्टांत ८. तक्रारी पण धाडकन खाली आल्या. झालं, जगभर बोभाटा, कॅमेरा लावा आणि पोलीस सुधारतोय.

पण १७ आणि ८ मिळून २५ होतात हो. पंचवीस प्रसंगांवरनं सगळ्या जगाचं धोरण ठरवायचं म्हणजे एका लग्नावरनं अख्ख्या सीझनचा हिशोब लावल्यासारखं आहे. पुढं वॉशिंग्टन शहरानं २,२२४ पोलिसांवर तसाच प्रयोग केला, जवळपास निम्म्यांना कॅमेरे आणि निम्म्यांना नाही, आणि २०१७ मध्ये निकाल जाहीर केला तर सांगण्यासारखा फरकच नाही, ना बळाच्या वापरात ना तक्रारीत. याचं एक कारण मला पटलं. दोन पोलीस जोडीनं फिरतात, एकाच्या छातीवर कॅमेरा असला की दुसरा आपोआप फ्रेममध्ये येतोय, मग बिनकॅमेऱ्याचा खराखुरा राहिला कोण?

त्याच्या आधी २०१६ मध्ये त्याच केंब्रिजवाल्यांनी वेगवेगळ्या पोलीस दलांतल्या १० प्रयोगांचा हिशोब एकत्र मांडला होता, आणि तो वाचून मी मोबाईल बाजूला ठेवून जरा बसलोच. जिथं पोलिसांनी नियमाप्रमाणं कॅमेरा पहिल्यापासून चालू ठेवला आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथं बळाचा वापर ३७ टक्के कमी. जिथं कधी चालू करायचा हे त्यांच्या मर्जीवर राहिलं, तिथं ७१ टक्के जास्त. म्हणजे वस्तू तीच, फक्त बटण कुणाच्या मर्जीवर आहे यावर सगळं उलटं होतंय.

मला हे पटायला वेळ लागला नाही. मांडवात दोन पाव्हणे मानपानावरनं भांडत असतात, माझा कॅमेरा तिकडं वळला की दोघंही हसून नमस्कार करतात, आणि कॅमेरा नवरीकडं गेला की तेच भांडण आचाऱ्याच्या मागं जाऊन सुरू होतंय. माझ्या फुटेजमध्ये ते लग्न एकदम गोडीगुलाबीचं दिसतंय.

आणि एक स्वतःचा अनुभव, गाव सांगत नाही. परजिल्ह्यातनं रात्री दीडला शूटिंग करून परत येत होतो, गाडीत लाईट, स्टँड, बॅगा. नाक्यावर अडवलं, बॅगा उघडा म्हणाले, उघडल्या. त्यात एक लेन्स खाली पडली, काच गेली. शब्दाला शब्द वाढला तेव्हा एकानं छातीवर बोट ठेवून सांगितलं, "सगळं रेकॉर्ड होतंय, नीट बोला." मी नीटच बोललो. आठवड्यानं लेन्सचं काहीतरी करा म्हणून अर्ज द्यायला गेलो आणि म्हटलं ते रेकॉर्डिंग बघा की तुम्हीच, तर उत्तर मिळालं, त्या दिवशी बॅटरी डाऊन होती. असेलही. बॅटरी माझी पण अक्षता पडायच्या वेळेलाच डाऊन होते, म्हणून मी खिशात दोन जास्तीच्या ठेवतो. माझं म्हणणं एवढंच की अशा बॅटऱ्या महिन्याला किती वेळा डाऊन होतात आणि कुठल्या प्रसंगात होतात, हे कुणीतरी बाहेरच्यानं मोजलं पाहिजे.

आता पैशाचं. अमेरिकेत २०१४ मध्ये फर्ग्युसन नावाच्या गावात पोलिसाच्या गोळीनं मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा पोरगा गेला, त्यानंतर तिथल्या केंद्र सरकारनं २०१५ मध्ये २.३ कोटी डॉलर्स ७३ पोलीस दलांना कॅमेऱ्यांसाठी वाटले. पण सरकारच्याच संशोधन संस्थेनं लास वेगासमधल्या अभ्यासाला वेगळा पैसा दिला, काही अभ्यासांना खाजगी फाउंडेशननं दिला, म्हणून आज आपल्याला फुकट वाचायला मिळतंय. दुसऱ्या बाजूला टेझर, म्हणजे पोलिसांची विजेचा झटका देणारी बंदूक, बनवणाऱ्या कंपनीनं २०१७ मध्ये स्वतःचं नाव बदलून अॅक्सॉन केलं आणि त्याच दमात जाहीर केलं की अमेरिकेतल्या कुठल्याही पोलिसाला वर्षभर कॅमेरा फुकट. वर्षानंतर फुटेज ठेवायचं भाडं कोण भरणार हे आमच्या धंद्यातलं लहान पोर पण सांगेल. साधं फुल एचडी धरलं तरी तासाला साडेतीन जीबीच्या आसपास जागा खातंय, शंभर पोलिसांनी रोज नुसते दोन तास रेकॉर्ड केलं तर महिन्याला वीस हजार जीबीच्या वर. दुकानदार माल विकतोय त्यात चूक काही नाही, पण तो माल चांगला आहे का हे त्याच दुकानदाराच्या पैशानं तपासू नये.

आपल्याकडं तर हा विषय आता लांबचा राहिला नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आहे, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्येच प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आणि फुटेज शक्यतो १८ महिने ठेवा म्हणून सांगितलंय, आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलंय. म्हणजे हे फुटेज उद्या इथल्याच कोर्टात चालणार आहे.

आणि अभ्यास करायला परदेशातनं कुणाला बोलवायची गरज नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून इथं आहे, संख्याशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, कायदा आहे. पोरं पीएचडीला विषय शोधत फिरत असतात. शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची मॅच असली की बंदोबस्त लागतोच, नवरात्रात महाद्वार रोडला लागतो, गणपतीत तर विचारूच नका. चिठ्ठ्या टाकून काही शिफ्टांना कॅमेरे द्यावेत, काहींना नाही, जोडीतल्या दोघांना सारखंच ठेवावं, आणि तक्रारी, लाठीचा वापर, पोलिसांना झालेली मारहाण आणि बंद पडलेली रेकॉर्डिंगं सगळं मोजावं. पैसे सरकारनं थेट विद्यापीठाला द्यावेत, कंपनीकडनं एक रुपया नको, आणि निकाल काहीही लागला तरी छापायचा हे आधीच लिहून घ्यावं. हे करायचं तर पहिल्या खेपेलाच, कारण एकदा सगळ्यांच्या छातीवर कॅमेरा लागला की तुलना करायला बिनकॅमेऱ्याचं कुणी शिल्लकच राहत नाही, मग जन्मभर आम्ही रंकाळ्यावर नुसतं ठामपणे बोलत बसणार.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. कॅमेरा खरेदीचं टेंडर कधी हाताला लागलं तर नग किती आणि किंमत किती एवढंच छापू नका, त्यात अभ्यासासाठी काही रक्कम धरली आहे का आणि ती कुणाला जाणार आहे, ते पण एका ओळीत छापा.

आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर