याद्या पुन्हा टाइप करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यातल्या मराठी संस्थांच्या छोट्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या याद्या संगणकावर घेण्याचं काम चालू आहे. अशाच एका ग्रंथालयात मी रोज दुपारी बसते. एक्सेलमध्ये पूर्ण टाइप झालेली यादी नव्या सॉफ्टवेअरसाठी पुन्हा एकेक नोंद करून भरली जाते, हे पाहून जीव तुटतो. एका सॉफ्टवेअरवाल्याने आम्हालाही तेच सुचवलं, तेही दर नोंदीमागे पैसे लावून. सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं, त्या शहरात वर्गणीदारांचा पैसा असा जाऊ नये.

एसक्यूलाइट हे माहिती तक्त्यांत (टेबलांत) साठवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एक्सेलची यादी आधी सीएसव्ही म्हणून, म्हणजे खाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल म्हणून, सेव्ह करायची. मग एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, डॉट मोड सीएसव्ही (.mode csv), मग डॉट इम्पोर्ट (.import), पुढे फाइलचं आणि टेबलचं नाव. सगळी यादी काही सेकंदांत आत जाते. टेबल आधीच तयार असेल तर इम्पोर्टच्या ओळीत स्किप १ (--skip 1) लिहावं, नाहीतर रकान्यांची नावंही एक पुस्तक म्हणून शिरतात.

खरा वेळ द्यायचा तो फाइलला. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि त्या फाइलमधून अक्षरं परत मिळत नाहीत. म्हणून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा; यूटीएफ-८ ही देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत आहे. आपण लेखकाचं आडनाव आधी लिहितो, मग स्वल्पविराम, मग नाव. एक्सेल अशा खान्याला आपणहून दुहेरी अवतरणं घालतं. पण कुणी नोटपॅडमध्ये अवतरणं न घालता हाताने ओळ वाढवली की लेखकाचं नाव शीर्षकाच्या खान्यात, शीर्षक प्रकाशकाच्या खान्यात सरकतं आणि शेवटचा खाना गळून पडतो. एसक्यूलाइट त्या ओळीचा क्रमांक देऊन तसं सांगतं. तो इशारा वाचायलाच हवा. टेबलमधला दाखल क्रमांकाचा (रजिस्टरमध्ये पुस्तकाला मिळालेल्या क्रमांकाचा) रकाना टेक्स्ट, म्हणजे मजकूर प्रकारचा, ठेवावा, म्हणजे ००४५७ चा ४५७ होणार नाही. तयार फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तरी ही शून्यं जातात. शेवटी नोंदी मोजून दाखल रजिस्टरशी ताडून पाहाव्यात.

संस्थांच्या कार्यकारिणींना माझी कळकळीची विनंती आहे: कोणतंही सॉफ्टवेअर घेताना आपली पूर्ण यादी यूटीएफ-८ मजकुराच्या फाइलमध्ये केव्हाही काढून मिळेल, ही अट करारात लेखी घाला. आधी जमलेली यादी आत घालायची असेल, तर मी येऊन करून देईन आणि तुमच्या माणसाला शिकवीनही. मोबदला नको.

आपली नम्र,
एक ग्रंथालय स्वयंसेविका
दांडिया बाजार, बडोदे