फेंगशुई, दक्षिणेचे दार आणि वैदर्भीय ऊन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घराच्या रचनेत फेंगशुई या चिनी वास्तुविद्येची तत्त्वे कशी वापरावीत, हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यामागचा मूळ विचार लेखकाने नीट उलगडला आहे. मात्र चिनी दिशानियम आपल्याकडेही जसेच्या तसे पाळावेत, हा शेवटी दिलेला सल्ला विदर्भातील खेड्यांना मानवणारा नाही.

पाठीशी डोंगर, समोर वळसा घालून जाणारे पाणी आणि दक्षिणेकडे तोंड, अशी जागा फेंगशुईत उत्तम मानतात. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सायबेरिया-मंगोलियाकडून बोचरे वारे येतात आणि सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो, त्यामुळे उत्तरेला आडोसा आणि दक्षिणेला ऊन असलेले घर तेथे खरोखरच सुखाचे असते. बीजिंगच्या राजवाड्यामागे डोंगर नव्हता, तर मिंग काळात खंदकाची माती उपसून उत्तरेस जिंगशान टेकडी रचण्यात आली.

आमची अडचण नेमकी उलटी आहे. बीजिंग सुमारे 40 अक्षांशावर, तर वर्धा-नागपूर 21 च्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्याही दक्षिणेस आहे. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आमच्या माथ्यावरून किंचित उत्तरेला असतो. पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा घर तापते ते छपराने आणि पश्चिमेच्या भिंतीने. गंमत अशी की, वास्तुशास्त्राच्या धाकाने दक्षिणेचे दार बुजवणारी मंडळीच नव्या दारावर फेंगशुईची पवनघंटी टांगतात, आणि फेंगशुईला तर दक्षिणच प्रिय!

वारा, पाणी आणि माती पाहून जागा निवडण्याची रीत आमच्याकडेही होतीच. गावठाण पांढरीवर (पांढऱ्या मातीवर) आणि शेती काळीत, हा जुना शिरस्ता होता, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतींना तडे देते. मातीच्या जाड भिंती, कवेलूचे (कौलांचे) छप्पर, पुढे ओसरी, मागे सांदवाडीतला (परसातला) कडुनिंब, एवढ्यावर उन्हाळा निघत असे. सेवाग्राम आश्रमातील कुट्या आजही माती, बांबू आणि कवेलूंच्याच आहेत. आता मात्र रस्त्यालगतच्या काळ्या शेतजमिनीवर लेआउट पडतात, त्यावर उघडा स्लॅब चढतो आणि दाराची दिशा तेवढी होकायंत्राने तपासली जाते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मूळ अनुदान मिळते आणि किमान क्षेत्र 25 चौरस मीटर असते. एवढ्यात शुभ दिशा शोधण्यापेक्षा काळ्या मातीत टिकणारा पाया आणि पश्चिमेला सावली देणारी पडवी यांचा नकाशा पंचायत समितीच्या अभियंत्याने मंजुरीपत्रासोबतच द्यावा. आपल्या पुरवणीनेही जुन्या गवंड्यांशी बोलून या विषयावर एक लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा